कालव्यावरच्या बोटमेळाव्याला जायचंय? उलटं मोजायला शिका

बोटींचा मेळावा शनिवार-रविवारचा असतो. म्हणून शुक्रवारी दुपारी निघालं की झालं, असा आपला समज होतो. आमच्या पहिल्या मेळाव्याला आम्ही असंच केलं. शनिवारी दुपारी मेळाव्याचे झेंडे लांबून दिसत होते आणि आम्ही लॉकपाशी, म्हणजे पाण्याची पातळी वरखाली करून बोट चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दरवाजांच्या हौदापाशी, नवव्या नंबरवर रांगेत होतो. पोचेपर्यंत आमच्यासाठी राखलेली जागा दुसऱ्या बोटीला देऊन झाली होती. दीड मैल मागे बोट बांधली आणि दोन दिवस पोरांना घेऊन अंधारात काठाकाठाने ये-जा केली. नंतरच्या मेळाव्यांमध्ये बरंच काही शिकलो. इंग्लंडच्या कालव्यांवर पहिल्यांदाच मेळाव्याला जाणाऱ्यांसाठी ते इथे लिहिते आहे.

या मेळाव्यांची परंपरा जुनी आहे. रेल्वे आणि मग मोटारी आल्यावर कालवे ओस पडत चालले होते, कित्येक बुजवले जात होते. १९४६ साली रॉबर्ट एकमन आणि टॉम रोल्ट यांच्या पुढाकाराने इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही संस्था उभी राहिली आणि १९५० च्या ऑगस्टमध्ये तिने मार्केट हार्बरोला बोटींचा मोठा मेळावा भरवला. शंभराहून जास्त बोटी आल्या. या कालव्यांवर अजून बोटी चालतात, हे डोळ्यांनी दाखवायचं होतं. आजही गाळाने भरत चाललेल्या एखाद्या फाट्यावर मुद्दाम मेळावा ठेवतात, कारण बोटी गेल्या की तळ मोकळा राहतो. तुम्ही तुमची बोट घेऊन तिथवर जाता, तेव्हा त्या कामाला हातभार लागतोच.

कुठला मेळावा निवडायचा

सगळे मेळावे सारखे नसतात. लंडनच्या लिटल व्हेनिसमध्ये मे महिन्याच्या पहिल्या बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, भरत आलेला कॅनलवे कॅव्हलकेड १९८३ पासूनचा. तिथे गर्दी शहराची, बोटी सजवलेल्या, रात्री दिव्यांची मिरवणूक. ब्रॉन्स्टनला जूनच्या अखेरीस जुन्या मालवाहू नॅरोबोटी, म्हणजे अरुंद लांबट बोटी, जमतात. एल्समेअर पोर्टला, जिथे श्रॉपशर युनियन कालवा मँचेस्टर शिप कॅनलला मिळतो, तिथल्या संग्रहालयाच्या धक्क्यांवर ईस्टरला जुन्या बोटी येतात. अशा ठिकाणी नवी बोट घेऊन आत जागा मिळेलच असं नाही, पण आसपास बांधून चालत जाता येतं. माझं स्पष्ट मत आहे की पहिला मेळावा जवळचा आणि छोटा निवडावा. वीस-पंचवीस बोटींच्या मेळाव्यात लोक स्वतःहून येऊन तुमचा दोर धरतात. मोठ्या ठिकाणी स्वयंसेवकांना तेवढी सवड नसते.

बोट भाड्याची असेल तर दोन प्रश्न बुकिंग करतानाच विचारा. पहिला, मेळाव्यात नेली तर चालेल का. दुसरा, अंधार पडल्यावर चालवता येते का. भाड्याच्या बोटी सहसा अंधारात चालवू देत नाहीत, म्हणजे दिव्यांच्या मिरवणुकीत भाग घेता येणार नाही. ते आधी कळलं तर मुलांचा हिरमोड टळतो.

अर्जात काय लिहायचं

मोठ्या मेळाव्यांचे अर्ज काही महिने आधी निघतात. अर्जात बोटीची लांबी, रुंदी आणि पाण्याखालची खोली विचारतात. लांबी अंदाजाने लिहू नका. नॅरोबोटीची रुंदी ठरलेलीच, ६ फूट १० इंच, कारण अरुंद लॉक जेमतेम ७ फुटांचे असतात. लांबी मात्र तीसपासून सत्तर फुटांपर्यंत काहीही असते आणि जागेची सगळी आखणी तिच्यावरच होते. तुम्ही पन्नास लिहून सत्तावन्न फुटी बोट आणली, तर ते सात फूट कुणाच्या तरी वाट्यातून जाणार. याच अर्जात कुठल्या दिशेने येणार, केव्हा निघणार, सोबत कुत्रा किंवा लहान मूल आहे का, पाय दुखणारं कुणी आहे का, हेही लिहा. काठालगतची जागा हवी असेल तर ती मागायची वेळ हीच.

बोट स्वतःची असेल तर परवाना, विमा आणि दर चार वर्षांनी होणाऱ्या बोट सेफ्टी तपासणीचं प्रमाणपत्र चालू हवं. इंग्लंड-वेल्समधल्या बहुतेक कालव्यांचा कारभार २०१२ पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहे. पण सगळं पाणी त्यांच्या हाताखाली नाही. वाटेत एखादी नदी लागत असेल तर तिथे वेगळा परवाना लागतो का ते आधी बघा.

दिवस उलटे मोजा

आता मुख्य गोष्ट. कालव्यावर वेगाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ४ मैल आहे, पण प्रत्यक्षात ३ मैलच धरा. काठाला बांधलेल्या बोटींच्या बाजूने, पुलांखालून आणि वळणांवर वेग कमी करावाच लागतो. प्रत्येक लॉकला १५ मिनिटं धरा. घाईतला सोपा हिशोब म्हणजे मैल आणि लॉक यांची बेरीज करून तिला तीनने भागायचं, जे येईल तेवढे तास.

ग्रँड युनियन कालव्यावर स्टोक ब्रुअर्नच्या वरच्या लॉकपासून ब्रॉन्स्टनला जायचं आहे असं समजा. अंतर सुमारे २१ मैल. वाटेत बकबीचे ७ आणि ब्रॉन्स्टनचे ६, असे १३ लॉक. मैलांचे ७ तास आणि लॉकचे सव्वातीन, म्हणजे सव्वादहा. सोपा हिशोब लावला तर ३४ ला तीनने भागून सव्वाअकरा. नकाशावर हे अंतर एवढंसं दिसतं आणि मोटारीने गेलात तर तासही लागत नाही. बोटीने मात्र हे दोन दिवसांचं काम आहे, कारण नवख्या घरच्या माणसांना रोज सहा तासांच्या वर चालवायला लावलं की तिसऱ्या दिवशी कुणी कुणाशी बोलत नाही.

मेळाव्याच्या आधीच्या दोन दिवसांत त्याच वाटेने सगळेच निघालेले असतात. तेव्हा शेवटच्या लॉकसमूहासाठी हिशोबाच्या दुप्पट वेळ ठेवा. वर एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, बोट पुढे ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात प्लास्टिक अडकेल, वारा सुटेल किंवा एखाद्या लॉकचा दरवाजा नादुरुस्त निघेल म्हणून. पोचायची वेळ शुक्रवारी दुपारी १२ असेल तर गुरुवारी संध्याकाळी दोन-तीन मैल अलीकडे पोचलेलं असायचं. तिथून मागे मोजत या आणि निघायचा दिवस ठरवा. आमच्या पहिल्या वेळी हा हिशोब केला असता तर मंगळवारी निघालो असतो.

निघण्याच्या आठवडाभर आधी आणि मग आदल्या दिवशी ट्रस्टच्या सूचना वाचा. लॉक किंवा पूल बंद असल्याची माहिती तिथे येते. पाणी कमी असलं की काही लॉक संध्याकाळी लवकर कुलूपबंद होतात, तेही तिथेच कळतं.

निघण्याआधीची झाडाझडती

मेळाव्याच्या ठिकाणी शंभर बोटींना मिळून पाण्याचे एक-दोन नळ असतात, कधी तेवढेही नसतात. म्हणून टाकी शेवटच्या नळावर काठोकाठ भरून घ्या. संडासाची कॅसेट, म्हणजे त्याखालची काढून नेता येणारी पेटी, चार माणसांत साधारण दोन दिवसांत भरते. मोकळी करण्याची जागा, जिला एल्सन पॉइंट म्हणतात, ती वाटेत कुठे आहे ते नकाशावर खूण करून ठेवा आणि जास्तीची एक रिकामी कॅसेट बरोबर घ्या. टाकीचा संडास असेल तर निघतानाच उपसून घ्या. गॅसचं दुसरं सिलिंडर भरलेलं असू द्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून तपासा. बोटी खेटून उभ्या असतात, तेव्हा शेजाऱ्याच्या इंजिनाचा धूरही तुमच्या खिडकीतून आत येऊ शकतो.

बॅटऱ्यांचं विशेष लक्ष ठेवा. बोट बांधलेली असताना रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन किंवा जनरेटर चालवायचं नसतं. मेळाव्यात दिवसासुद्धा तासन्‌तास इंजिन धडधडत ठेवलं तर शेजारी तोंडावर काही बोलत नाहीत, पण सकाळचा नमस्कार बंद होतो. चालताना बॅटऱ्या भरतात, त्या रविवारपर्यंत पुरवायच्या. फ्रिज बारीक ठेवा, हेअर ड्रायर घरी ठेवा.

सामानात दोन विंडलास, म्हणजे लॉकच्या झडपा फिरवून उघडायचे हँडल, हव्यात, कारण एक कधी ना कधी पाण्यात जाते. सुविधांच्या खोल्या उघडणारी वॉटरमेट किल्ली, नासधूस होऊ नये म्हणून लॉकला लावलेली कुलपं उघडायची किल्ली, तीन तरी खुंटे आणि हातोडा, लोखंडी काठासाठी हूक, चांगले लांब दोर चार, टॉर्च, आणि पंख्यात अडकलेला कचरा कापायला धारदार सुरी, एवढं घ्या.

पंखा साफ करायची वेळ आली तर इंजिन बंद करून किल्ली काढा आणि खिशात घाला. मगच मागचं झाकण उघडून हात घाला. काम झालं की झाकण घट्ट बसलंय याची खात्री दुसऱ्या माणसाकडून करून घ्या. ते सैल राहिलं तर पंखा फिरताच पाणी आत येतं आणि बोट बुडू शकते. हात साबणाने धुवा. कालव्याच्या पाण्यातून लेप्टोचा संसर्ग होतो, हाताला जखम असेल तर रबरी हातमोजे घाला.

वाटेत

समोरून बोट आली की आपल्या उजव्या बाजूला व्हायचं. भोंग्याचा एक आवाज म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे मागे जातोय. आंधळ्या वळणावर किंवा पुलाआधी एक लांब भोंगा द्यावा.

वाटेत बोगदा लागला तर घाबरू नका, पण तयारी करा. स्टोक ब्रुअर्नजवळचा ब्लिसवर्थ बोगदा ३०७६ यार्डांचा, म्हणजे २.८ किलोमीटर आहे. आत गेल्यावर मागचं तोंड हळूहळू टिकलीएवढं होतं आणि पुढचं अजून लांबच असतं. छताला हवेसाठी ठेवलेल्या उभ्या झरोक्यांखालून जाताना थंड पाण्याची धार थेट डोक्यावर येते, तेव्हा सुकाणू धरणाऱ्याने रेनकोट आधीच घालून ठेवावा. पुढचा दिवा चालू, पण थोडा उजवीकडे आणि वर वळवलेला, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात. आतले एक-दोन दिवे लावून ठेवले की खिडक्यांतून भिंतीवर उजेड पडतो आणि बोट सरळ ठेवायला सोपं जातं. आत दोन नॅरोबोटी एकमेकींच्या बाजूने जाऊ शकतात. समोरचा दिवा दिसला की वेग कमी करा, भिंतीला थोडं घासलं तर घासू द्या.

लॉकविषयी सगळं लिहायचं तर वेगळा लेख होईल, पण तीन गोष्टी इथेच सांगते. खाली उतरताना लॉकच्या मागच्या बाजूला पाण्याखाली सिमेंट-दगडाचा उंबरठा असतो, पाणी उतरलं की तो उघडा पडतो. काठावर पांढरी रेघ मारलेली असते. बोटीचं ढुंगण त्या रेघेच्या पुढेच राहिलं पाहिजे. बोट उंबरठ्यावर अडकून कलायला लागली तर खालच्या झडपा ताबडतोब बंद करा, वरच्या हळूहळू उघडा, पाणी परत चढू द्या. दुसरी गोष्ट, विंडलास दांड्यावर तशीच सोडून जायची नाही. झडप सुटली तर ती गरकन फिरते आणि हाड मोडते. तिसरी, अरुंद लॉकमध्ये शिरण्याआधी बाजूला टांगलेले फेंडर, म्हणजे धक्के झेलणारे गठ्ठे, वर उचला, नाहीतर बोट तिथेच पाचरीसारखी अडकते.

ग्रँड युनियनच्या मुख्य वाटेवरचे लॉक रुंद आहेत, दोन नॅरोबोटी शेजारीशेजारी मावतात. मेळाव्याच्या दिवसांत एकट्याने लॉक भरू नका. मागून येणाऱ्या बोटीसाठी थांबा. पाणी वाचतं, रांग अर्ध्यावर येते, आणि मेळाव्याआधीच एक ओळख होते.

पोचताना

मेळाव्याच्या जागेच्या आधी मैलभर दोन्ही काठांना बोटी लागलेल्या असतात. इथे इंजिन अगदी मंद ठेवा, इतकं की चालणारी माणसं तुमच्या पुढे जावीत. तो एक मैल जायला अर्धा तास लागेल, लागू दे. जोरात गेलात तर पाणी ओढलं जातं, बांधलेल्या बोटी पुढेमागे हिसकतात आणि ओल्या मातीतले खुंटे उपटतात. आतमध्ये गॅसवर कुणाचं दूध असतं.

बोटींची जागा लावणाऱ्या स्वयंसेवकाला तिथे हार्बरमास्टर म्हणतात. आधी दिलेला फोन नंबर असेल तर अर्धा तास आधी कळवा. तो हात करेल तिथे जा. सांगितलेली जागा आवडली नाही तरी आधी बांधा, मग शांतपणे बोला, कारण मागे बाकीचे पाण्यावर तरंगत थांबलेले असतात. वळायचं असेल तर ते सांगून वळा. पन्नास फुटी बोट कालव्यात वाटेल तिथे वळत नाही, त्यासाठी ठरावीक रुंद जागा असतात, आणि आडवारा असेल तर तिथेही वेळ लागतो.

बोट काठाला लावताना हातापायांनी धक्का द्यायला जाऊ नका. पंधरा टनांच्या आसपासचं लोखंड दिसायला सावकाश येतं, पण मधे सापडलेलं पाऊल चेचून टाकतं. मुलांना आधीच सांगून ठेवा, बोट आदळली तर आदळू दे, पाय आत.

शेजारच्या बोटीला बांधणं

जागा कमी म्हणून मेळाव्यात दोन-तीन बोटी एकमेकींना खेटून लावतात. एक काठाला, दुसरी तिला, तिसरी दुसरीला. मेळाव्याचं सुखदुःख इथे ठरतं.

बांधायच्या आधी शेजाऱ्याला विचारा, तुम्ही केव्हा निघणार. काठालगतच्या बोटीला रविवारी सकाळी निघायचं असेल आणि तुम्ही बाहेर सोमवारपर्यंत राहणार असाल, तर तुमची बोट त्यांच्यासाठी हलवावी लागेल. हे शुक्रवारी ठरलं तर पाच मिनिटांचं काम. रविवारी सकाळी सातला दारावर थाप पडली तर दिवस नासतो.

मग दोर. पहिल्या वर्षी मी दोराचं टोक शेजारच्या बोटीच्या खुंटीला गाठ मारून तिथेच सोडत होते. पलीकडच्या बोटीवरच्या आजी चहाचा कप टपावर ठेवून आल्या, माझी गाठ सोडली, दोर त्यांच्या खुंटीमागून फिरवला आणि टोक परत माझ्या हातात दिलं. "तुझी गाठ तुझ्या बोटीवर राहू दे. मध्यरात्री सोडायची वेळ आली तर माझ्या झोपेवरून चालत यायला नको." तेव्हापासून दोन्ही टोकं आपल्याच बोटीवर. पुढचा एक, मागचा एक, आणि बोट पुढेमागे सरकू नये म्हणून तिरपा एक. दोन बोटींच्या मध्ये फेंडर, रात्रीच्या ठोक्यांना तोच इलाज. बोट मोठी असेल तर एक दोर थेट काठापर्यंतही न्या, म्हणजे आतल्या बोटीवर सगळा भार येत नाही.

काठाला खुंटा ठोकताना तो बोटीपासून दूर कललेला ठोका आणि पायवाटेच्या आत येऊ देऊ नका. खुंट्याच्या डोक्यावर पांढरं किंवा भडक फडकं बांधा. अंधारात येणारं कुणीतरी त्याला नक्की अडखळतं.

काठावर जायला दुसऱ्याची बोट ओलांडावीच लागते. पुढच्या टोकावरून जायचं, मागून नाही, कारण मागे सुकाणूची जागा, इंजिन आणि बऱ्याच जुन्या बोटींत झोपायची खोली असते. चिखलाचे बूट काढून हातात घ्या. खिडकीत बघू नका. पहिल्या वेळी टपावर हलकं टकटक करून विचारा, मग दरवेळी विचारावं लागत नाही. रात्री उशिरा परत येणार असाल तर सांगून ठेवा. छपरावर पावलं वाजली की आतल्या माणसाला तो भूकंपच वाटतो.

दोन दिवसांत काय करायचं

शनिवारी सकाळी काठावरून एक पूर्ण फेरी मारा आणि लोकांच्या बोटी बघा. जुन्या मालवाहू बोटींवर गुलाब आणि किल्ल्यांची चित्रं असतात, पाण्याचे रंगवलेले डबे टपावर ठेवलेले असतात. एक इंजिनवाली आणि मागून तिने ओढायची दुसरी, अशा जोड्या दिसतात. बिनइंजिनाच्या त्या बोटीला बटी म्हणतात. मालक दारात बसलेले असतील तर इंजिनाविषयी एक प्रश्न विचारा. अर्धा तास कसा जातो कळत नाही, आणि तुमच्या बोटीची तीन महिन्यांची दुखणीही तिथेच सुटतात. डिझेल, कोळसा, गॅस विकणाऱ्या बोटीही येतात. सिलिंडर बदलून घ्यायचं असेल तर पहिल्याच दिवशी घ्या.

बोट चालवण्याची स्पर्धा असेल तर भाग घ्या. त्यात घाई करणारा हरतो, वाऱ्याचा अंदाज घेऊन हळू जाणारा जिंकतो, म्हणून नवख्यांनाही संधी असते.

दिव्यांच्या मिरवणुकीसाठी बॅटरीवरच्या एलईडी माळा घ्या आणि आदल्या रात्री एकदा लावून बघा. सजावटीची उंची वाटेतल्या सगळ्यात खालच्या पुलापेक्षा दोन हात कमी हवी. सुकाणूवरच्या माणसाच्या डोळ्यांवर दिवा येता कामा नये, आणि त्याला बोटीचं पुढचं टोक दिसलं पाहिजे. मुलं पुढच्या भागात बसलेली, लाइफजॅकेट घातलेली, आणि त्यांच्याजवळ एक मोठं माणूस. छपरावर कुणी बसायचं नाही, पुलाखाली वाकायला अंधारात उशीर होतो.

बोट नसेल तरी या. बहुतेक मेळाव्यांना कमी पडतात ती माणसं. शनिवारी चार तास दोर धरायला, लॉकवर मदत करायला किंवा रविवारी तंबू उतरवायला नाव द्या. पुढच्या वर्षी कुणाच्या तरी बोटीवर जागा मिळते, आमच्याकडे दोघं असेच आले आहेत.

निघताना

रविवारी संध्याकाळी सगळे एकदम निघतात आणि तीच रांग उलट्या दिशेने लागते. रजा काढता येत असेल तर सोमवारी दुपारी निघा. आतल्या बोटीला वाट करून द्यायची असेल तर आपण आधी सुटून मध्यावर थांबतो, ती निघाली की परत काठाला येतो. यासाठी दोन माणसं बोटीवर लागतात, म्हणून आदल्या रात्री ठरवून ठेवा, सकाळी एकजण दुकानात गेलेला नको.

भाग घेतलेल्या बोटींना बऱ्याच ठिकाणी पितळी किंवा रंगवलेली छोटी पाटी देतात. हार्बरमास्टरकडून ती आठवणीने मागून घ्या. कचरा तिथल्या डब्यांत कोंबू नका, ते शनिवारीच भरलेले असतात. बांधून टपावर ठेवा आणि पुढच्या सुविधांच्या ठिकाणी टाका, तिथेच कॅसेट मोकळी करून पाणी भरून घ्या. खुंटे उपटल्यावर राहिलेली भोकं टाचेने दाबून बुजवा, खुंटे मोजून पेटीत टाका, आणि मगच पुढचा दोर सोडा.